माउलीची माउली कोण?

वारकरी संप्रदायात ‘माउली’ हा शब्द जितक्या सहजपणे उच्चारला जातो, तितका दुसरा क्वचितच. ज्ञानोबाराय माउली, विठोबा माउली. वारीच्या वाटेवर पाणी देणारा माउली आणि पिणाराही माउली. गर्दीत पायावर पाय पडला तरी तोंडून ‘माउली, सांभाळून’ एवढेच निघते. रोजच्या वापरातल्या अशा शब्दाकडे आपण थांबून पाहत नाही. वाचकहो, आज जरा थांबून पाहू, आणि तेही एका ठरावीक जागेवरून. आजारी लेकराच्या उशाशी रात्र काढणाऱ्या आईच्या जागेवरून.

ती जागा तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. रात्रीचे अडीच वाजलेले, ताप एकशे दोनवरून खाली येत नाही, कपाळावरची पट्टी पुन्हा गरम झालेली. किंवा दोन महिन्यांच्या बाळाची छाती घरघरते आहे आणि प्रत्येक श्वास मोजत बसावे लागते. काही घरांत ही एका रात्रीची गोष्ट नसते. थॅलेसेमिया असलेल्या लेकराला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. विदर्भात सिकलसेलचे मूल वाढवणाऱ्या आया आहेत. जन्मतःच हृदयाला छिद्र असलेल्या बाळाच्या आया शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहत आहेत. या आयांपैकी कितीतरी जणींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या एकादशी धरतात, हरिपाठ म्हणतात, सप्ताहाच्या पंगतीत पोळ्या लाटतात.

अशा आईला आपण काय सांगतो? ‘देवावर भरवसा ठेव’ असे सांगतो. ‘तू खचलीस तर लेकराने कोणाकडे पाहायचे?’ असे विचारतो. आणि कधी कधी, बोलू नये ते बोलतो: ‘मागच्या जन्मीचे भोग’, ‘कुठेतरी नेम चुकला असेल’. पहिली दोन वाक्ये प्रेमाने बोललेली असतात. पण तिन्ही वाक्ये तिच्या डोक्यावर काहीतरी ठेवतात, काही उतरवत नाहीत. मग माझा प्रश्न असा: आपल्या संतवाङ्मयात आणि संतचरित्रांत या आईसाठी खरोखर काय आहे? आणि आपण कीर्तनाच्या पाटावरून तिला जे देतो, ते त्यातलेच आहे का?

आधी ‘माउली’ या प्रतिमेकडेच पाहू. विठ्ठल हा पुरुषरूपातला देव. कटेवर हात ठेवून उभा असलेला. त्याला आई कोणी केले? ज्यांनी केले त्यांची चरित्रे आठवा. ज्ञानोबाराय, निवृत्तिनाथ, सोपानदेव आणि मुक्ताई ही चार भावंडे लहान वयात पोरकी झाली. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि मागे ही लेकरे राहिली. जनाबाई गंगाखेडची. आई गेली आणि वडिलांनी पोरीला पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आणून ठेवले, असे परंपरा सांगते. तुकोबारायांचे आई-वडीलही ते सतरा-अठरा वर्षांचे असतानाच गेले. देवाला आई म्हणून सर्वांत आर्त हाक मारणारे हे संत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आईला लवकर गमावले होते.

ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते, पण तिचा अर्थ आपण लावत नाही. ‘माउली’ हा शब्द आईचे वर्णन करण्यासाठी जन्मला नाही. तो आई हवी असलेल्याच्या तोंडून आला आहे. रडणाऱ्याचा तो शब्द आहे. ‘आई कशी असावी’ याचा नियम सांगण्यासाठी कोणा संताने तो उच्चारला नाही. पुढे मात्र आपण तो उलटा वापरू लागलो. संतांनी देवाच्या ठिकाणी आईची माया पाहिली. आपण घरातल्या आईच्या ठिकाणी देवाची शक्ती मागू लागलो. ती थकत नाही, चिडत नाही, तिला भूक नाही, झोप नाही, भीती नाही. निरूपणात असे आईचे गोडवे गायले जातात, तेव्हा मागच्या रांगेत खांद्यावर मूल घेऊन बसलेली बाई मनात काय म्हणत असेल? ती थकलेली असते. काल रात्री ती लेकरावर ओरडलेलीही असते. या गोडव्यांत तिला स्वतःचे दोषारोपपत्र ऐकू येते.

जनाबाईंनी विठोबाचे जे चित्र उभे केले ते याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. संतमंडळींना लेकरांसारखे अंगाखांद्यावर घेऊन निघालेला तो विठोबा. त्याची तसबीर आपण घराघरांत पाहतो आणि तिच्यातला कौतुकाचा भाग तेवढा घेतो. पण जनाबाई नामदेवांच्या घरात राबत होत्या. नारा, विठा, गोंदा, महादा आणि लिंबाई अशी नामदेवांची लेकरे परंपरा मोजते. इतक्या मुलांच्या घरात मूल उचलणे म्हणजे काय, हे राबणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. तिच्या चित्रातल्या देवाच्या अंगावर वजन आहे. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी बोट धरून. तो देव रिकाम्या हाताने आशीर्वाद देत उभा नाही, त्याचे हात गुंतलेले आहेत. आणि त्या चित्रात जनाबाई स्वतः कुठे आहे? ती दळणाला बसली तर देव जात्याचा खुंटा धरतो, ती शेण्या थापते तिथेही तो येतो. म्हणजे सगळ्यांचे करून दमलेल्या बाईचे करायला कोणीतरी आहे, असा तो अनुभव आहे.

आजारी मुलाच्या आईने या वाङ्मयाकडे यावे ते याच दाराने. तिने तिथे आईच्या जागी उभे राहू नये, लेकराच्या जागी बसावे. दिवसभर सगळ्यांची माउली झालेल्या बाईला एक अशी जागा हवी असते जिथे तिला कोणाची माउली व्हावे लागत नाही. हरिपाठाच्या वेळी, नाहीतर दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून, ती दोन मिनिटे पोर होऊ शकते. माझ्या मते श्रद्धेचे पहिले बळ हे आहे. ते खांदा ताठ करत नाही, आधी टेकायला खांदा देते.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. ती बोलणे थोडे अवघड आहे, कारण ती आपल्या अत्यंत आवडत्या आख्यानाबद्दल आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त विस्ताराने आली आहे, आणि कीर्तनकारांनी ती गावोगावी नेली आहे. बायको पाण्याला जाते. जाताना रांगत्या मुलाकडे लक्ष ठेवायला सांगते. गोरोबा चिखल तुडवत नामात तल्लीन होतात, आणि मूल पायाखाली येते. पुढे हात तुटतात, देव घरी येऊन राबतो आणि अखेर पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हातही परत येतात आणि मूलही.

या आख्यानाचा शेवट गाठण्याची आपल्याला घाई असते. ‘तल्लीनता पाहा!’ असे म्हणत कीर्तनकार पुढे जातो. मध्ये एक आई आहे. ती घागर घेऊन परत आली आहे आणि चिखलाचा रंग पाहते आहे. तिच्या आक्रोशाला आपल्या निरूपणात किती मिनिटे मिळतात? बहुतेक वेळा ती भक्तीच्या आड येणारी, समज नसलेली संसारी बाई म्हणून दोन वाक्यांत आटोपते. पण कथा नीट ऐका. गोरोबांना थांबवते ती तीच. ते संतापून तिच्या अंगावर धावतात तेव्हा ती त्यांना विठ्ठलाची आण घालते, आणि ती आण ते पाळतात. पुढचे सगळे आख्यान त्या आणेवर उभे आहे. देवाचे नाव त्या घरात दोघांच्या तोंडी होते. एकाने ते घेतले तेव्हा त्याला समोरचे मूल दिसेनासे झाले. दुसरीने ते घेतले ते मूल गेल्यावर, अन्यायाच्या समोर उभे राहताना. ज्या कथेत देवाने तिच्या शपथेचा मान राखला, त्या कथेत आपण तिचा मान राखत नाही, हे आपल्या सांगण्याचे उणेपण आहे. कथेचे नव्हे.

आणि असे पाहा की, त्या कथेत सुद्धा देवाला मूल परत द्यावेच लागले. तल्लीनतेने सगळे भरून निघाले असते, तर आख्यान हात तुटण्यापाशी किंवा देव राबायला येण्यापाशी संपले असते. ते संपत नाही. आईच्या ओटीत मूल येईपर्यंत लोकमनाने ती कथा मिटू दिली नाही. मला यात संप्रदायाचा मोठा विवेक दिसतो. आईचे दुःख हे भक्तीच्या हिशेबात किरकोळ नाही, असे ते आख्यान स्वतःच सांगते.

हाच प्रकार जिजाईंच्या बाबतीत झाला. तुकोबांची आवली. कजाग, कर्कश, देवाला शिव्या देणारी, अशी तिची ओळख पिढ्यान्‌पिढ्या करून दिली गेली. 1936 साली प्रभात फिल्म कंपनीने काढलेला, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ हा बोलपट आपल्या आजी-आजोबांनी देवळात जावे तसा जाऊन पाहिला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्यात गौरीबाईंनी रंगवलेली जिजाई आजारी पोराला हाताला धरून ओढत देवळात जाते आणि हातात पायताण घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. त्या प्रसंगाला हशा पिकतो. पण मला वाटते, त्या बोलपटातला सर्वांत गंभीर प्रसंग तोच आहे. नवरा देवात रमलेला, घरात दाणा नाही, पोर तापलेले. ती कोणाकडे जाते? सावकाराकडे नाही, देवऋष्याकडे नाही. ती विठोबाकडेच जाते. ज्याच्यावर विश्वास नसतो त्याच्याशी कोणी भांडत नाही. भांडणाला दार लागते, आणि जिजाईला ते दार माहीत आहे.

गाथेत तुकोबांनी घरातली ही तक्रार तिच्या तोंडची म्हणून नोंदवून ठेवली आहे. एवढा मोठा शब्दप्रभू, त्याने ठरवले असते तर ती तक्रार गाळून टाकता आली असती. त्याने ती ठेवली. आणि लोककथेने आणखी एक पाऊल टाकले. भंडाऱ्याच्या वाटेवर तुकोबांची भाकरी घेऊन जाणाऱ्या जिजाईच्या पायात काटा मोडला, आणि तो काढायला स्वतः विठ्ठल बसला, असे आपण आजही सांगतो. जिने पायताण दाखवले तिचा पाय देवाने हातात घेतला. संप्रदायाच्या मनात जिजाईचे स्थान काय आहे, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते हवे?

एक गोष्ट तर चरित्रात लख्ख आहे, पण क्वचित सांगितली जाते. तुकोबारायांचे निर्याण झाले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. त्यानंतर जन्मलेल्या नारायणबाबांना त्यांनी एकटीने वाढवले. याच नारायणबाबांनी 1685 साली पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीच्या वाटेवर सोहळा नेला, असे परंपरा मानते. आज लाखो लोक ज्या पालखीबरोबर चालतात, ती सुरू करणारे लेकरू एकदा त्या ‘कजाग’ बाईच्या मांडीवर तापाने फणफणले असणार, आणि तिने त्याला जगवले. आपली वारी जिजाईच्या जागरणांचीही ऋणी आहे.

नामदेवांच्या गाथेत गोणाईचे बोलणे आहे. मुलाला आपल्यापासून हिरावून घेतले म्हणून ती विठ्ठलाशी भांडते. तिच्या भांडणालाही आपण अभंग म्हणूनच जपले. म्हणजे आईची तक्रार हा वारकरी वाङ्मयात अपवाद नाही, तो एक मान्य स्वर आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण आजारी मुलाच्या आईला सर्वांत जास्त अपराधी वाटते ते देवावर रागावल्याचे. ‘असे का केलेस?’ हा प्रश्न मनात आला की तिला वाटते, आपली भक्ती बुडाली. ती बुडत नाही. गोणाई आणि जिजाई जिथे उभ्या होत्या तिथेच ती उभी असते.

पण भांडण करून आई परत घरी येते, तेव्हा काम तसेच पडलेले असते. तिथे बोलणाऱ्या देवाचा उपयोग नसतो, करणारा लागतो. सोयराबाईंची कथा आठवा. चोखोबांचे घर, गावाने शिवेबाहेर ठेवलेले. सोयराबाईंचे दिवस भरलेले आणि चोखोबा घरी नाहीत. त्या वेळी विठ्ठल चोखोबांची बहीण निर्मळा हिच्या रूपाने आला आणि त्याने बाळंतपण केले, अशी श्रद्धा आहे. यातले रूप नीट पाहा. देव शंखचक्र घेऊन आला नाही, प्रकाशाचा लोळ होऊन आला नाही. नणंद होऊन आला. त्याने पाणी तापवले असेल, नाळ कापली असेल, बाळ पुसले असेल, चूल पेटवली असेल. सोयराबाईला देव भेटला तो ओळखीच्या बाईच्या हातांतून.

या कथेचा दुसरा अर्थ तुमच्या-माझ्यावर जबाबदारी टाकतो. ज्या गल्लीत आजारी मूल आहे, तिथे देवाला कोणाचे तरी रूप घ्यावे लागते. ते कोणाचे घेणार? तुमच्या फडातली, तुमच्या भजनी मंडळातली एखादी बाई सहा महिने दिसली नाही, तर ‘तिचा नेम सुटला’ असे म्हणण्याआधी तिच्या दारात जावे. मूल दोन तास सांभाळतो, तू झोप, असे म्हणावे. रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे. दवाखान्यातल्या रात्रीचा डबा न्यावा, दुसऱ्या लेकराला शाळेत सोडावे. ज्या मंडळाला हे जमते त्याने निर्मळेचे रूप घेतले. ज्याला नुसता सल्ला जमतो, त्याने सोयराबाईची कथा अजून ऐकलेली नाही.

इथे नवसाबद्दल बोलले पाहिजे. तुकोबारायांनी नवससायासांवर कठोर टीका केली, हे सर्वांना माहीत आहे. ती टीका वाचताना आपण एक गफलत करतो. त्यांचा रोख आईच्या भीतीवर धंदा करणाऱ्यांवर आहे. आपण मात्र तो अभंग भेदरलेल्या आईलाच ऐकवतो. मध्यरात्री मूल आचके देत असताना जी बाई सटवाईला, मरीआईला, दिसेल त्या देवाला हात जोडते, तिची थट्टा करण्यासाठी तो अभंग नाही. तो तिच्याकडून कोंबडे आणि पैसे उकळणाऱ्याच्या आड येण्यासाठी आहे. तिला ओरडण्यापेक्षा गाडी काढा आणि तिला दवाखान्यात न्या, म्हणजे तुकोबांचा अभंग आचरला असे होईल.

औषध आणि नाम यांत भांडण लावण्याचेही कारण नाही. ज्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणत होतो, ज्याने कितीतरी घरांतली पाळणे रिकामे केले, तो लशीमुळे गेला. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने तो साऱ्या जगातून संपल्याचे जाहीर केले. पांडुरंगाचे यात काही कमी झाले नाही. उलट कितीतरी आयांची रडणी थांबली. जुलाब झालेल्या लेकराला वेळेवर दिलेले मीठ-साखरेचे पाणी हे तीर्थाइतकेच आदराने पाजावे. औषधाने ताप उतरतो. नामाने औषध लागू पडेपर्यंतचा वेळ काढता येतो. तो वेळ काढणे हे आईच्या वाट्याचे सर्वांत अवघड काम असते.

नामाचा हा उपयोग लहान समजू नये. नामाला स्नान लागत नाही, आसन लागत नाही, वेळ लागत नाही, हे आपल्या संप्रदायाचे आयांवर केलेले मोठे उपकार आहेत. पोथी वाचायला दोन हात लागतात आणि प्रकाश लागतो. नाम अंधारात, एका हाताने लेकराला थोपटत घेता येते. थोपटण्याला ठेका असतो, त्या ठेक्यावर ‘विठ्ठल विठ्ठल’ आपोआप बसते. सावतोबांनी मळ्यात आणि जनाबाईंनी जात्यावर जे केले तेच हे आहे. अशा नामात हात लेकरावरून सुटत नाही आणि डोळे त्याच्या श्वासावरून हलत नाहीत. गोरोबांच्या चिखलातल्या तल्लीनतेइतकीच ही तल्लीनताही मोलाची आहे, असे कीर्तनकारांनी एकदा पाटावरून मोठ्याने सांगावे, अशी माझी विनंती आहे.

कारण ज्या आईचा नेम चुकतो तिच्यासाठी आपल्याकडे सर्वांत मोठा आधार आहे, आणि तो पंढरपूरच्या मुळाशीच आहे. पुंडलिकाची कथा आपण मातृपितृभक्तीची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण तिच्यात घडते काय? घरात कोणाची तरी सेवा चालू आहे. दारात प्रत्यक्ष देव आला आहे. आणि सेवा करणारा उठत नाही. तो वीट फेकतो आणि थांबायला सांगतो. देव रागावत नाही. तो विटेवर उभा राहतो आणि अठ्ठावीस युगे उभाच आहे. आपल्या सगळ्या संप्रदायाचा पाया हा आहे की, सेवेत गुंतलेल्या माणसासाठी देवाने थांबायचे असते.

ज्या आईची यंदाची वारी लेकराच्या आजारपणामुळे चुकली, जिला एकादशीला उपास झेपला नाही कारण बाळ अंगावर पिते, जिचा काकडा तीन महिने चुकतो आहे, तिने ही वीट आठवावी. तिनेही देवाला थांबायला सांगितले आहे, आणि पुंडलिकाने जसे सांगितले तसेच, हातातले काम न सोडता. ती वारीला गेली नाही तरी वारीच्या मुळापाशी बसलेली आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न. गोरोबांचे मूल परत आले. प्रत्येक घरात ते येत नाही. सगळे करून, डॉक्टर करून, नाम घेऊन, जागून, एखादे लेकरू जाते. अशा आईला आपण कोणती कथा सांगणार?

तिला चमत्काराची कथा सांगू नये. तिला तुकोबारायांचे चरित्र सांगावे, आणि हळू आवाजात सांगावे. 1630 च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. त्यात त्यांची पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली आणि लहानगा संतू गेला. ज्या परंपरेने गोरोबांचे मूल नामदेवांच्या कीर्तनात रांगत आणले, तिने संतूला परत आणले नाही. तुकोबांच्या गाथा इंद्रायणीतून वर आल्या असे आपण श्रद्धेने सांगतो. त्यांचे लेकरू परत आल्याचे प्रचलित चरित्र सांगत नाही. तिथे परंपरा गप्प राहिली. मला ही शांतता संप्रदायाची सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. काही गोष्टी परत येत नाहीत, हे आपल्या सर्वांत मोठ्या संताच्या घरात घडून गेले आहे, आणि ते झाकलेले नाही. ज्याची भक्ती तोकडी होती म्हणून मूल गेले, असे तुकोबांबद्दल म्हणण्याची कोणाची छाती आहे? मग ते कोणत्याही आईबद्दल म्हणायचे नाही. एवढे एक जरी आपण पाळले, तरी पुष्कळ झाले.

तुकोबा त्या दुःखातून उठून नाचत बाहेर आले नाहीत. ते डोंगरावर जाऊन बसले, त्यांनी मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले, माती कालवली, भिंत घातली. आधी हातांना काम दिले. अभंग नंतर आले. शोकात बुडालेल्या आईला ‘सावर’ असे सांगण्याची घाई करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. तिला तिचा डोंगर मिळू द्यावा, आणि ती खाली येईल तेव्हा तिच्या हाताला काहीतरी हळुवार काम असावे, सोबत कोणीतरी असावे.

वाचकहो, संतचरित्रांत आईचे बळ कुठे आहे ते आपण पाहिले. ते गोणाईच्या भांडणात, जिजाईच्या पायताणात, गोरोबांच्या बायकोने घातलेल्या शपथेत, सोयराबाईच्या दारात आलेल्या निर्मळेत आणि पुंडलिकाच्या विटेत आहे. आपल्या निरूपणात मात्र ते बरेचदा हरवते, आणि तिच्या वाट्याला येतो तो केवळ ‘सोस’ हा उपदेश. ग्रंथ श्रीमंत आहेत, सांगणे दरिद्री झाले आहे. ते सुधारणे आपल्या हातात आहे. पुढच्या सप्ताहात गोरोबांचे आख्यान लागेल, तेव्हा कीर्तनकारबुवांनी घागर घेऊन परतलेल्या त्या बाईपाशी जरा थांबावे. आणि तुम्ही श्रोते असाल तर मंडपात मागे वळून पाहावे. एखादी बाई लेकरू खांद्यावर घेऊन खांबाला टेकून उभी असेल. तिला बसायला जागा द्यावी, लेकरू थोडा वेळ आपल्याकडे घ्यावे आणि तिला म्हणावे, ‘बस माउली.’

रामकृष्णहरी.